चौतीस सेकंदांचे मेश्राम सर

मेश्राम सरांवर चार पानं लिहून द्या, असं त्यांची मुलगी प्रज्ञा म्हणाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग दोन महिने टाळाटाळ केली. सरांना जाऊन वर्ष होईल त्या दिवशीच्या वंदनेला तिला एक छोटी पुस्तिका वाटायची आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, सगळं सविस्तर हवं म्हणाली. आता मला सरांचं जन्मगावसुद्धा धड माहीत नाही. भंडाऱ्याकडचं कुठलंसं खेडं, एवढंच. पदव्या किती आणि कुठल्या, तेही ठाऊक नाही. मला माहीत आहे ते एकच. सर वाचता वाचता थांबत, आणि ते थांबले की खोलीत काहीतरी होत असे.

मी बँकेत आहे, कंप्लायन्समध्ये. लोकांनी दिलेल्या फॉर्ममध्ये कुठली चौकट रिकामी राहिली ते शोधायचं आणि पाठीस लागून ती भरून घ्यायची, हे माझं वीस वर्षांचं काम. रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते याच हाताने केलं.

सर पहिल्यांदा दिसले ते इथे सिंगापुरात, बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत. आमचं एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून एका शनिवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, आवडलेलं काहीतरी वाचायचं आणि त्याहून जास्त वेळ खायचं, असा शिरस्ता. त्या दिवशी एक उंच, वाळका माणूस आला. रविवार-शनिवार काही न पाळता गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. वन-नॉर्थला कुठल्याशा प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहेत, क्वीन्सटाउनला राहतात, एवढी ओळख यजमानीणबाईंनी करून दिली.

"एका ग्रीक कवीचं वाचतो," सर म्हणाले. "दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस. गुराख्यांची गाणी लिहायचा. मराठी मीच केलंय. सांभाळून घ्या."

वाचायला लागले. दोन गुराखी झाडाखाली बसलेत. एक म्हणतो, गा काहीतरी. दुसरा आढेवेढे घेतो आणि मग गायला लागतो. गाण्यात एक गोष्ट, गोष्टीत प्रेम, चोरून भेटणं, वेषांतर. सरांचा आवाज खर्जातला, जरासा घोगरा. गोष्ट ऐन रंगात आली आणि सर थांबले.

थांबले म्हणजे पार थांबले. वही हातात, नजर समोर, ओठ किंचित उघडे. यजमानीणबाईंना वाटलं, विसरले. मग त्यांना वाटलं, झटका आला. त्या पाणी आणायला धावल्या, त्यांच्या यजमानांनी ॲम्ब्युलन्ससाठी फोन हातात घेतला. तेवढ्यात सरांनी वही मिटली आणि म्हणाले, "संपलं."

"अहो, पण पुढे काय झालं?" मी विचारलं. मीच विचारणार.

"पुढचं गेलं. इथे तुटतं ते. कुणीतरी उतरून घेतलं तेवढं राहिलं, बाकी हरवलं."

"मग तुम्ही इतका वेळ थांबलात कशाला?"

सरांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "गाणं पूर्ण होऊ दिलं," ते म्हणाले, आणि समोरची साबुदाण्याची खिचडी मन लावून खाऊ लागले.

त्या संध्याकाळी सगळे हसले. विक्षिप्त माणूस म्हणून सर आमच्यात रुजूही झाले. पुढे आमचं वाचन त्यांच्याच फ्लॅटवर व्हायला लागलं, कारण तिथे कोणी टीव्ही लावत नसे आणि चहा उत्तम असे. क्वीन्सटाउनच्या जुन्या वसाहतीतली अकराव्या मजल्यावरची घरं, समोरून लांबलचक उघडी गॅलरी, कठड्यावर शेजाऱ्यांच्या कुंड्या. घरात एक बुद्धमूर्ती, सरांच्या पत्नीचा, सुनंदाताईंचा फोटो आणि पुस्तकं. ताई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सर त्यांच्याविषयी बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

त्या कवीविषयी मात्र सर अघळपघळ बोलत. त्याला ते नावाने हाकच मारत नसत, "आपला माणूस" म्हणत. आपला माणूस किनाऱ्यावरच्या एका खेड्यातला. गाव माहीत आहे, आईबाप माहीत नाहीत. मेला कसा, तर विष घालून, असं त्याच्या एका शिष्याने विलापिकेत लिहून ठेवलंय. आणि त्या शिष्याचं नाव काय, तर तेही कोणाला ठाऊक नाही!

"बघा आता," सर म्हणत, "जन्माचं गाव आहे, मरणाची अफवा आहे, मधला माणूस सगळा गेला. एक लांब शोकगीत उरलं आणि थोडे तुकडे. पुढे कोण्या एका हौशीने आपल्या संग्रहात आवडल्या ओळी उतरून घेतल्या म्हणून तेवढे तरी. त्याला न आवडलेलं सगळं बुडालं."

"आणि खरंच गुरं राखायचा का हो तो?"

"छे! याने जन्मात शेळी धरली नसेल. माझी माय लोकांच्या शेळ्या राखायची, मी जायचो मागं मागं. शेळ्या राखताना माणूस गात नाही, शिव्या घालतो." मग थोडं थांबून, "पण दिवस कलला, की शेळ्या आपोआप घराकडे वळतात. तेव्हा माय गुणगुणायची. ते याने कुठेतरी ऐकलं असणार. ऐकल्याशिवाय असं लिहिता येत नाही."

गंमत म्हणजे सरांची नोकरी नेमकी उलट होती. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या फोटोंत जिथे काही दिसत नाही, तिथे काय असावं हे गणिताने ठरवून ती जागा भरायची, हे त्यांचं काम. त्यात त्यांचं नाव होतं म्हणे. मी एकदा चिडवलं, की ऑफिसात भोकं बुजवता आणि इथे मात्र एक ओळ घालायला तयार नाही. सर म्हणाले, "आठवडाभर पोटासाठी बुजवतो ना. शनिवारी तरी उघडं राहू द्या."

दुपारी ते जेवायला जात त्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, मी एकदा त्यांना गाठलं. इथे जागा धरायची रीत सगळ्यांना माहीत आहे. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची, आणि त्याला कोणी हात लावत नाही. सरांनी दोन पाकिटं ठेवली होती, एक स्वतःसमोर, एक शेजारच्या खुर्चीसमोर. मला वाटलं माझ्यासाठीच. बसायला गेले तर सरांनी हळूच समोरची खुर्ची दाखवली. गर्दी मरणाची होती. हातात ट्रे घेऊन तिघेचौघे येऊन विचारून गेले, "अंकल, एनीवन सिटिंग?" सर प्रत्येकाला इथल्या इंग्रजीत सांगत, "हॅव, हॅव." म्हणजे आहे, कोणीतरी आहे. आम्ही जेवून उठेपर्यंत कोणीही आलं नाही. निघताना सरांनी दोन्ही पाकिटं खिशात टाकली.

आणि मग साळुंक्या. त्या वसाहतीतल्या झाडांवर संध्याकाळी सातच्या सुमारास शेकडो साळुंक्या उतरतात आणि असा गोंगाट करतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. सरांचं वाचन बरोबर त्या वेळेला यायचं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं, की सर थांबले की तो गोंगाट बंद होतो. कमी होत नाही, बंद होतो. सर वही मिटतात आणि तो पुन्हा सुरू होतो. मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे पाहिलं. ती आपल्या हाताकडे बघत होती. तिच्या दंडावर काटा आला होता.

मी बँकेतली बाई, मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. पुढच्या खेपेला मांडीवर फोन ठेवून वेळ लावली. चौतीस सेकंद. त्याच्या पुढच्या खेपेला चौतीस. दिवाळीनंतर, चिनी नववर्षानंतर, सरांना ताप असताना, सर निवृत्त झाले त्या शनिवारी, चौतीस. दुसऱ्या कुठल्या तुकड्यापाशी ते असे थांबत नसत. तिथे नुसतं "इथे तुटलंय" म्हणत आणि पुढे जात. हे थांबणं फक्त त्या दोन गुराख्यांपाशी.

"सर, किती ओळी गेल्या हे कोणाला माहीत नाही म्हणता," मी एकदा जाताजाता विचारलं, "मग किती थांबायचं ते तुम्हाला कसं कळतं?"

"संपलं की कळतं."

"मला तर बाई भीती वाटते त्या वेळी."

"भूतबीत काही नसतं हो, मेधाताई. मी शास्त्रज्ञ माणूस, त्यातून बौद्ध. आम्ही आत्मा मानत नाही." सर हसले. "शांतता मानतो."

आता माझा प्रताप. आमच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्याचं संपादन त्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. सरांनी दोन गुराख्यांचा तुकडा दिला आणि बजावलं, की शेवटच्या ओळीखाली अर्धं पान कोरं सोडायचं. कोरं म्हणजे कोरं. नक्षी नको, जाहिरात नको.

पानं लावताना ते अर्धं पान माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. लोक म्हणणार, छपाईत चूक झाली. म्हणणार, मेधाने बघितलं नाही वाटतं. तीन दिवस मी ते पान उघडत होते आणि मिटत होते. चौथ्या दिवशी ऑफिसातून घरी येताना, बोना व्हिस्टा ते क्वीन्सटाउन एवढ्या दोन स्टेशनांत, एमआरटीमध्ये उभ्या उभ्या मला चार ओळी सुचल्या. इतक्या सहज की मीच चकित झाले. गुरं पाणी पिऊन परतली, गाणारा घरी पोचला, दारात त्याची वाट बघणारी उभी होती, वर चांदणं पडलं. सगळं कसं व्यवस्थित संपलं. मी त्या छापून टाकल्या. सरांना विचारलं नाही. खरं सांगायचं तर सरांना आवडतील असं वाटलं होतं.

अंकाचं कौतुक झालं. त्या चार ओळींचं जास्तच झालं. दिवाळीच्या कार्यक्रमात एका मैत्रिणीच्या नऊ वर्षांच्या लेकीने तो संवाद पाठ म्हटला. मराठी वाचता येत नाही, इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केलेलं. तिला मी म्हटलं, "छान म्हटलंस गं." तर म्हणाली, "आंटी, द लास्ट पार्ट इज द बेस्ट, लाह." सर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला एवढंच विचारलं, "या ओळी परत घेता येतील का?" मी हसण्यावारी नेलं. अंक वाटून झाला होता, पीडीएफ व्हॉट्सॲपवरून कुठे कुठे पोचली होती.

त्यानंतरच्या शनिवारी सरांच्या घरी आम्ही सहा जण होतो. सरांनी आपली जुनी वही घेतली. त्या वहीत माझ्या ओळी नव्हत्या, हे मी स्वतः पाहिलंय. गोष्ट रंगात आली, तुटायची जागा आली, सर थांबायला गेले, आणि त्यांच्या तोंडून माझ्या चार ओळी बाहेर पडल्या. आवाज सरांचा, पण लय माझी. गुरं परतली, दार, चांदणं. बाहेर साळुंक्यांचा कालवा तसाच चालू. शेवटचा शब्द पडला तेव्हा सरांनी तोंडावर हात दाबून धरला होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओळी येतच होत्या. आम्ही कपबशा तशाच ठेवून निघालो.

प्रज्ञा मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. तिला मराठी समजतं, पण घरात ती इंग्रजीतच उत्तर देते. त्या दिवशी मात्र अडखळत मराठीत बोलली.

"आंटी, ती जागा मम्मीची होती. पप्पा पहिला माणूस वाचायचे, मम्मी दुसरा. रोज संध्याकाळी. पुस्तक संपलं की मम्मी थांबायची नाही. ती पुढे गुणगुणायची. तिच्या आईचं गाणं होतं, गोट्सच्या मागे जाताना म्हणायचं. वर्ड्स मला कळायचे नाहीत. कोणी रेकॉर्ड नाही केलं. वी थॉट शी विल ऑल्वेज बी देअर."

"सरांना येतं का ते?"

"म्हणता येत नाही. फक्त तिथे थांबले की ऐकू येतं, म्हणतात. दुसरीकडे कुठेच नाही."

मी लिफ्टमध्ये शिरले. एका बाईचं गाणं जगात एकाच जागी उरलं होतं, आणि त्या जागेवर मी आपलं बूड टेकवलं होतं.

पुढचे तीन आठवडे मी घराघरांत हिंडले. बरोबर त्या चार ओळींवर चिकटवायला पांढऱ्या लेबलांचा गठ्ठा. बुकित तिमाहचे कॉन्डो झाले, नातेवाइकांकडे गेलेल्या प्रती झाल्या, एकीने तर अंकावर कुंडी ठेवली होती, ती उचलून चिकटवलं. लोकांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. सरांना जाऊन सांगितलं तर ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "पांढरं लावल्याने मोकळं होत नाही हो," म्हणाले. वाचन त्यांनी बंद केलं होतं. हॉकर सेंटरला जाणंही सुटलं होतं. हृदयाचं दुखणं आधीपासून होतं, ते बळावलं. शर्टाची कॉलर सैल पडून तिच्यात मान हलायला लागली. मला रोज वाटायचं, हा माणूस माझ्यामुळे झिजतोय, आणि ते खरंच होतं.

मग एका शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. "मेधाताई, आज या. एकट्याच या. सुनंदाची बाजू तुम्ही वाचायची."

"मी? सर, मी कशी—"

"त्या ओळी तुमच्या आहेत. माझ्याच्याने अडवल्या जात नाहीत. तुम्हालाच गिळाव्या लागतील."

मी गेले. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सर आरामखुर्चीत, पायांवर शाल. त्यांनी वही माझ्या हातात दिली. स्वतःची बाजू त्यांना पाठच होती. पहिला गुराखी म्हणाला, गा. मी आढेवेढे घेतले, जसे वहीत होते तसे, आणि मग गाणं वाचायला लागले. आवाज नीट लागत नव्हता. तुटायची जागा चार ओळींवर आली, दोनवर आली, आली.

मी तोंड मिटलं. त्या ओळी घशाशी आल्या. अगदी खऱ्या, उलटी येते तशा. गुरं, पाणी, दार, चांदणं, एकेक शब्द जिभेला धडका देत होता. मी दात आवळून धरले. कानात माझंच रक्त ठणकत होतं. किती वेळ गेला ते माहीत नाही. फोन पर्समध्ये होता आणि पर्स बाहेरच्या खोलीत. हळूहळू ते शब्द खाली उतरले, आणि मग खोलीत काहीच राहिलं नाही. बाहेरचा साळुंक्यांचा कालवा कधी थांबला, ते कळलं नाही.

मला काही ऐकू आलं नाही. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुस्तिका वाचून कोणी तसं म्हणायला नको. मी फक्त सरांकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्याच्या थोडं वर, थोडं डावीकडे पाहत होते, आणि ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐकताना आपण हलवतो तशी त्यांची मान हलत होती.

"सर," मी अखेर म्हटलं, "मिळालं का?"

"हळू बोला," सर म्हणाले.

दारातली प्रज्ञा रडत होती, पण आवाज न करता. मी वही टेबलावर ठेवली आणि चपला हातात घेऊनच बाहेर आले. लिफ्टपाशी पोचले तर सर मागून आलेले. तीन आठवडे घरातल्या घरात भिंत धरून चालणारा माणूस, काठी नाही, आधार नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकले. एरवी त्यांना ते मुळीच खपत नसे. त्या दिवशी ते ओठांवर बोट ठेवून नुसते उभे राहिले.

त्यानंतर बाराव्या दिवशी सर गेले. पहाटे, झोपेत. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. लिफ्टचं दार अजून मिटायचं होतं. सर वळून गॅलरीतून परत निघाले. गॅलरी रुंद नाही, दोघं शेजारी चालायची तर एकाला कुंड्यांना खेटून चालावं लागतं. सर कुंड्यांना खेटून चालत होते. भिंतीकडची जागा सोडून, मान त्या बाजूला कलती करून, कोणाच्या तरी सावकाश पावलांशी पाऊल जुळवत. त्यांच्या घराचं दार उघडं होतं, आतला दिवा गॅलरीत पडला होता. सर त्या उजेडातून गेले आणि तसेच पुढे, गॅलरीच्या टोकाकडे चालत राहिले.